रुद्रचा डबा

लासलगावहून रुद्रचा डबा सकाळच्या एसटीने नाशिकला यायचा आणि रिकामा होऊन संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. रुद्र तो स्टँडवरून आणून खोलीवर ठेवायचा आणि कॉलेजला पळायचा. प्रॅक्टिकल उरकून येईपर्यंत शेखर आणि राज या खोलीतल्या दोघांनी त्याचा फडशा पाडून डबा परतीच्या गाडीत चढवलेलाही असायचा. फोनवर आईला मात्र तो "पोटभर जेवलो" म्हणायचा. पहिल्याच वर्षी दोन कप्प्यांचा डबा चार कप्प्यांचा झाला, तेव्हा कुठे दोघे त्याच्याही वाट्याचं काही ताटात काढून ठेवायला लागले. "आईला वाटतंय, पोरगा बकासुर झालाय," तो कुरकुरायचा.

शेवटचा पेपर झाला आणि आई त्याला न्यायला खोलीवर आली. शेखरने साळसूदपणे खुर्ची पुढे केली. "काकू, रुद्रचं जेवण म्हणजे जेवण. आम्हाला नुसत्या वासावर भागवायला लागायचं."

"हो का," आई म्हणाली. "मग कारलं कोणाला आवडत नाय?"

राजच्या तोंडून निघून गेलं, "आम्हा दोघांना."

"तेच म्हटलं. पहिल्याच आठवड्यात डबा चाटूनपुसून आला, अन् कारलं तेवढं जसंच्या तसं. आमचा रुद्र तर कारल्यासाठी भांडतो. तवाच वळखलं, जेवणारी तोंडं येगळी हायेत."

आईने पिशवीतून एक छोटा डबा काढून रुद्रच्या हातात दिला.

"घे, कारलं हाय. त्याच्यानंतर पाठवलंच नाय कधी. आज सावकाश जेव, कोणी हात लावणार नाय."