परत सांगा

फोनमधून बाईचा आवाज आला आणि नासारियो काल्मोच्या अंगावर काटा उभा राहिला. ती माम बोलत होती. ग्वाटेमालाच्या डोंगरातली, त्याच्या आईची बोली.

अमेरिकेत, जॉर्जियातल्या स्थलांतरितांच्या अटककेंद्रात त्याला सगळे स्पॅनिश येणारा समजत. पहारेकरी स्पॅनिशमध्ये ओरडत. त्याचे देशबांधवही "डोंगरातला ठोंब्या" म्हणून त्याला हसत. किती महिने झाले, तो कुणाशी धड बोललाच नव्हता. जीभ विसरू नये म्हणून पांघरुणात तोंड खुपसून तो स्वतःलाच हाका मारी.

इथला कायदा अशा माणसाला वकील देत नाही, दुभाषी मात्र देतो. म्हणून आज पडद्यावर जजसाहेब होते, टेबलावर फोन होता आणि फोनमध्ये ही बाई. बोललं जाईल तेवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही, अशी शपथ तिने आधीच घेतली होती.

"तुमचा आश्रयाचा अर्ज नामंजूर झालाय," जजसाहेबांचं बोलणं ती माममध्ये सांगू लागली. "तुमच्या भावाला मारणारे तुम्हालाही मारतील, हे सिद्ध झालं नाही. अपील करता येईल, पण तोवर इथेच राहावं लागेल. नाहीतर आजच अपिलाचा हक्क सोडा, घरी पाठवू. समजलं का?"

त्याला पहिल्याच वेळी सगळं समजलं. हक्क सोडायचा, हे तो सकाळीच ठरवून आला होता. मरायचंच तर निदान आपल्या बोलीतल्या शिव्या खात मरू. पण 'समजलं' म्हटलं की फोन बंद होणार.

"ताई, तुम्ही कुठल्या?" त्याने घाईने विचारलं. "वरच्या अंगाच्या ना? तिकडे पेरणी झाली का?"

बाईने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं. जजसाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"जजसाहेब म्हणतात, दुभाषीशी गप्पा मारायच्या नाहीत. मी उत्तर देऊ शकत नाही."

नासारियोला ते रागावणंसुद्धा गोड लागलं.

"मग? समजलं का?"

"नाही. परत सांगा."

जजसाहेबांनी परत सांगितलं, बाईनेही परत सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले. त्याला अर्ज ऐकायचा नव्हता की अपील. शब्दांचे शेवट ती गिळत होती, पाणवठ्यावरच्या बाया गिळतात तसे, तेवढंच तो ऐकत होता.

"आता समजलं?"

"नाही. परत सांगा."

पहारेकऱ्याने जांभई दिली. जजसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे शेवटचं," ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

बाई त्याच सपाट, वाचून दाखवल्यासारख्या आवाजात बोलू लागली.

"तुमचा अर्ज नामंजूर झालाय. अपील करता येईल. मी ओढ्यापलीकडच्या वाडीची, मातियासांची धाकटी. पेरणी झाली, मका गुडघ्याला लागलाय. तोवर इथेच राहावं लागेल. दादा, हक्क सोडू नका. ती माणसं अजून तिथेच आहेत. समजलं का?"

पडद्यावर जजसाहेब वाट पाहत होते. पहारेकरी नखं न्याहाळत होता.

"समजलं," नासारियो म्हणाला. "अपील करतो म्हणावं."

तिने तेवढंच इंग्रजीत सांगितलं. जजसाहेबांनी मान हलवली आणि पडदा काळा झाला. पहारेकऱ्याने फोन बंद करून त्याला उठायची खूण केली.

नासारियो उठला नाही. बंद फोनकडे वाकून त्याने हळूच सांगितलं, "मी तळ्याकडचा. काल्मोंचा थोरला."