शेवटच्या भागातलं लग्न

ओट्यावरच्या झाकणावर फोन खडखडला. मिनलने तो झडप घालून उचलला. चाकणहून रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याचा आत्ताच डोळा लागला होता.

"ताई, कथामालिका आटपा आता. त्या समुपदेशकाचं नि त्याच्या पेशंटचं लग्न लावून टाका," संपादक म्हणाले. "वाचक मागे लागलेत."

"अहो सर, ती बिचारी विश्वासाने मन मोकळं करायला येते. त्यानेच तिचा हात मागायचा?"

"गोष्टच आहे हो! लावा."

भांडायचं त्राण नव्हतं. कणकेचे हात पुसून मिनलने लग्न लावलं आणि शेजारी बसलेल्या रिद्धीला हळू आवाजात वाचून दाखवलं.

रिद्धी विचारात पडली. "आई, आता हा नवरा तिच्यावर ओरडला, तर ती कुणाला सांगणार?"