शेवटची जागा

तलाठी भरतीच्या अभ्यासात प्राप्तीला धडकी भरायची ती वेन आकृत्यांची. तीन वर्तुळं एकमेकांत शिरली की तिचं डोकंच चालायचं नाही. शेवटी रेवदंड्याच्या तुळशीराम सरांनी तिला क्लास सुटल्यावर रोज थांबवून घेतलं. "हे बघ, बोंबील माशांच्या पोटात, होडी मात्र बाहेर. घाबरतेस कशाला?" असं म्हणत त्यांनी फळा भरून वर्तुळं काढली, आणि हळूहळू तिला ती उलगडत गेली.

परीक्षेत वेन आकृत्यांचं तिचं एकही उत्तर चुकलं नाही. अगदी थोडक्या गुणांनी का होईना, जिल्ह्यातली शेवटची जागा तिला मिळाली.

पेढे घेऊन ती धावतच सरांच्या घरी गेली. दार काकींनी उघडलं. त्यांनी पेढा घेतला, तिच्या गालावरून हात फिरवला, पण त्यांचे डोळे सुजलेले होते.

"सर कुठं आहेत, काकी?"

"सकाळधरनं बंदरावर जाऊन बसलेत."

"का हो? बरं नाही का त्यांना?"



"त्यांनीपण हीच परीक्षा दिलेली गो पोरी. यादीत तुझ्या मागं पहिलं नाव त्यांचंच हाय, आणि पुढच्या भरतीला ते वयात बसत न्हाईत."