मार्थव्वाची लापशी

"पोती हितं नगं, कडब्याखाली सारा!" सिद्रामप्पा ओरडला. "साहेबाला शाळूचा एक दाणा दिसता कामा न्हाई."

वळसंगच्या पलीकडची ती वस्ती सकाळपासून नुसती धावत होती. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं उलटली होती. यंदा तर शाळूची ज्वारी अशी पिकली होती की कणग्या भरून पोती ओसरीवर आली होती. आणि नेमकं आजच सगळ्यांना उपाशी दिसायचं होतं.

दुष्काळात डेन्मार्कच्या चर्चनं एक म्हातारं जोडपं इथं सेवेला पाठवलं होतं. नील्स आणि मार्था. वस्तीनं त्यांचं नीलप्पा आणि मार्थव्वा करून टाकलं. शाळेमागच्या खोलीत ते राहायचे आणि रोज दुपारी सगळ्यांना लापशी वाढायचे. लापशी कसली, पांढरा चिकट गोळा! ना गूळ, ना मीठ. पण दुष्काळात त्याच गोळ्यावर पोरं जगली होती, हे कुणी विसरलं नव्हतं.

आज सोलापूरहून चर्चचे रणभिसे साहेब पाहणीला येणार होते. लोकांची पोटं भरलेली दिसली की लापशी बंद, आणि दोघांची रवानगी मायदेशी.

"आन् तितं त्यास्नी कोण बघणार?" सिद्रामप्पाची बायको चंद्रव्वा म्हणाली. "पोरांनी तर हाकलून दिलंय."

हे वस्तीला पक्कं ठाऊक होतं. नाहीतर सत्तरीची माणसं परक्या मुलखात येऊन चुलीपुढं कशाला धूर खातील? शेजारच्या मायाक्कानं एकदा विचारलंही होतं. मार्थव्वाचं मराठी म्हणजे 'या', 'बसा' आणि 'अजून वाढू?' एवढंच. पोरं किती म्हटल्यावर तिनं तीन बोटं दाखवली. "मग नातवंडं कुटं हायती?" म्हणत मायाक्कानं आपलं तान्हं तिच्या मांडीवर ठेवलं, तर बाईच्या डोळ्यांना धारच लागली. आणखी काय सांगायला हवं? मायाक्कानं त्या न पाहिलेल्या तीन लेकांच्या नावानं कडाकडा बोटं मोडली.

दुपारी साहेबांची जीप आली. वस्ती ठिगळांची लुगडी नेसून, ताटल्या घेऊन पंगतीला बसली होती. म्हाताऱ्या गोजाबाईनं साहेब दिसताच गळा काढला.

"रडू नगंस गं," चंद्रव्वा तिच्या कानाशी कुजबुजली. "नुसती खा."

साहेब कडब्याच्या गंजीपुढं थांबले. "कडबा एवढा, आणि दाणे नाहीत?"

सिद्रामप्पा लगबगीनं पुढं झाला. गंजीखाली त्याचीच पोती होती.

"चिकटा पडला की, साहेब. कणसं भरलीच न्हाईत. नुसती धाटं हातात आली."

साहेब शहरातले. त्यांनी मान हलवली, पण नजर पंगतीवरून फिरत राहिली. ढेरी सुटलेल्या हरिबा धनगरापाशी ती अडली.

"तुमची तब्येत तर बरी दिसते."

"सूज हाय ती, साहेब," हरिबा खाली मान घालून म्हणाला. "उपासाची."

कुणाला तरी हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. झालं, आता सगळं बिंग फुटणार! तेवढ्यात गोजाबाईनं ताटली पुढं केली. रोज आपला वाटा गुपचूप शेळीला घालणारी ही बाई आज मिटक्या मारत होती.

"अव्वा, आजून वाढ की गं."

मार्थव्वानं वाढलं. गोजाबाईनं ते संपवलं आणि परत ताटली पुढं केली. तेही संपवून पुन्हा. मार्थव्वानं पातेल्याचा तळ खरवडून तिला वाढलं.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. मग नील्सला बाजूला घेऊन ते बराच वेळ इंग्रजीत बोलले. जीपमध्ये बसताना सिद्रामप्पाला म्हणाले, "काळजी करू नका. आणखी एक वर्ष लापशी चालू राहील."

जीप दिसेनाशी झाली तशी वस्तीत एकच कल्ला उठला. गोजाबाईनं घर गाठून आधी गुळाचा खडा तोंडात टाकला.

"आजून वरीसभर ह्यो गोळा गिळायचा व्हय?" हरिबा म्हणाला.

"गिळायचा!" चंद्रव्वानं डोळ्याला पदर लावला. तिला आज लई बरं वाटत होतं. "आपल्याला जगवलं त्यांनी. उघड्यावर टाकायचं व्हय त्यास्नी?"

माणसं कडब्याखालची पोती काढायला लागली.

शाळेमागच्या खोलीत नील्स भरून ठेवलेली पेटी उघडून एकेक कपडा पुन्हा खुंटीला लावत होता.

"थोरल्याला कळवतो," तो आपल्या भाषेत म्हणाला. "तिघंही विमानतळावर घ्यायला येणार होते. आपली खोली रंगवून ठेवलीय म्हणे. आणि तुला नातीला बघायचं होतं. साहेब म्हणाले, तुम्ही म्हणाल तर अजूनही लापशी बंद करू."

मार्थानं डोळे पुसले.

"नको. बघितलंस ना, ती म्हातारी कशी मागून मागून खात होती? इतक्या भुकेल्या माणसांना टाकून घरी जायचं तरी कसं?"