देवीचा निरोप

भरलेलं शिंग घेऊन हेझल नवऱ्यासमोर आली, तेव्हा क्लाइव्हने डोळे मिटून घेतले होते. म्हणजे देवी बोलत होती. फ्रेया त्याच्याशी बोलायला लागली की त्याचे डोळे असेच मिटत आणि पापण्या फडफडत. भांडी घासायची वेळ झाली की ती हमखास बोलायची.

घरामागच्या झाडाखाली जुन्या नॉर्स देवांना मानणारी मंडळी गोल करून उभी होती. बैलाच्या शिंगात हेझलने स्वतः केलेली मधाची दारू होती. शिंग हातात आलं की कुणी आपल्या पूर्वजाचं नाव घ्यायचं, कुणी देवाचं, कुणी शपथ घ्यायची. शिंगावरची शपथ म्हणजे पोरखेळ नव्हे. गोलाने ‘ऐकलं’ म्हटलं की ती सगळ्यांच्याच मानेवर बसते. म्हणून शिंग फिरवणारीला आधी प्रश्न विचारायचा हक्क असतो, आणि तिला पटलं नाही तर ती शपथ कुणी ऐकायचीच नाही.

क्लाइव्हला खेटून तॅम्सिन उभी होती. तिच्या दंडावर फ्रेयाचा रथ गोंदलेला होता, तो ओढणाऱ्या दोन मांजरींसकट. क्लाइव्ह तिला आत्ताच स्टेशनवरून घेऊन आला होता. फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीत मागच्या सीटवर त्याच्या बॅगा होत्या, आणि देव्हाऱ्यातली लाकडी देवी, टॉवेलात गुंडाळलेली. हेझलने ते सकाळीच पाहिलं होतं. टॉवेलही चांगल्यातला उचलला होता.

जायचं तर गुपचूप जाता आलं असतं. पण त्याला बायकोच्या हातचं पिऊन, चार लोकांकडून ‘ऐकलं’ म्हणवून घेऊन जायचं होतं. चोराला पावती हवी होती.

संसार मोडतोय याचं हेझलला दुःख होतंच, नाही कसं? पण या माणसाने देवीच्या खांद्यावर बंदूक ठेवावी, हे तिला सोसवेना. तिच्याशी फ्रेया आजवर एक शब्द बोलली नव्हती. दर शुक्रवारी हेझल तिची वाटी घासायची, त्यात दूध आणि मध ठेवायची आणि घटकाभर गप्प बसायची. तेवढ्यावर दोघींचं बरं चाललं होतं.

“फ्रेयाची आज्ञा झाली आहे,” क्लाइव्ह म्हणाला. देवी बोलली की त्याचा आवाज खर्जात जायचा. “ती म्हणाली, उल्फ, ऊठ. तॅम्सिनबरोबर नवं घर मांड, मी तिथे राहायला येईन. म्हणून मी या शिंगावर शपथ घेतो की...”

उल्फ म्हणजे लांडगा. म्हणजे तोच; हे नाव त्याने स्वतःच घेतलं होतं. विम्याच्या कचेरीत त्याला अजून क्लाइव्हच म्हणत.

“थांब,” हेझल म्हणाली. “मला विचारायचंय.”

“विचार की. देवीकडे लपवण्यासारखं काही नसतं.”

“ती तिकडे राहायला येणार?”

“तिनेच तसं सांगितलंय.”

“मग मांजरी कधी नेतोस?”

क्लाइव्हचे डोळे उघडले. “मांजरी?”

“तूच आणल्यास ना? ‘देवीच्या रथाची जोडी आहे ही, हेझल, यांची सेवा म्हणजे तिची सेवा.’ सेवा कुणी केली ते सोड. अंबरला रोज सकाळी गोळी लागते, लोण्यात घालून दिली तरच खाते. तेवढं लक्षात ठेव. कधी नेतोस?”

“त्या राहू देत की इथेच. तुला सोबत होईल.”

“माझ्या सोबतीचं देवीने काही सांगितलं नाहीये.”

क्लाइव्हने तॅम्सिनकडे पाहिलं. तॅम्सिनने गोंदलेला दंड शालीखाली घेतला.

“मला शिंका येतात,” ती म्हणाली. “मांजर जवळ आलं की डोळेच सुजतात माझे.”

गोलातला सगळ्यात जुना माणूस, म्हातारा जेफ, “अरे देवा” म्हणाला. कुठल्या देवाला म्हणाला ते कळलं नाही.

“म्हणजे रथाची जोडी इथे,” हेझल म्हणाली, “आणि देवी तुझ्यामागून पायी येणार? की बस पकडणार?”

“अगं, ते सगळं रूपक असतं!”

“बरं. मग तुझी शपथही रूपकच समजते.”

त्याने हात पुढे केलाच होता. त्या हातावरूनच तिने शिंग पलीकडे नेलं आणि जेफला दिलं. “मी काही ऐकलं नाही,” ती म्हणाली. जेफने एकदा क्लाइव्हला खालपासून वर न्याहाळलं. “मीही नाही,” तो म्हणाला, मग आपल्या आजीचं नाव घेऊन प्यायला. गोल पुढे सरकला.

 क्लाइव्ह तॅम्सिनचं कोपर धरून फाटकाकडे निघाला. गाडीचं इंजिन अजून गरम होतं. बॉनेटवर दोन्ही मांजरी एकमेकींना टेकून, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. तॅम्सिन लांबच थांबली आणि तिथूनच शिंकली.

“शुक्! शुक्!” क्लाइव्हने हात झटकला. अंबरने जांभई दिली. त्याने उचलायला हात घातला, तशी दुसरीने त्याच्या मनगटावर नखं उमटवली.

“हेझल!” त्याने हाक मारली. आवाजातला खर्ज पार गेला होता. “अगं, जरा यांना उचलतेस का?”

शिंग पुढच्या हातात गेलं. गोलात कुणालाच काही ऐकू आलं नाही.