एक अंश

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वणीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बसवली आणि थोड्याच वेळात सर्व्हर बंद पडला. आपोआप सुरू झाला, पुन्हा पडला.

निकिताला काही कळेना. नाशिकच्या ऑफिसात हेच पॅकेज आठवडाभर न अडखळता चाललं होतं. बदलही एवढासाच होता. खोल्यांमधल्या सेन्सरकडून तापमान वाचणारी लायब्ररी, म्हणजे बाहेरच्या कुणीतरी लिहिलेला तयार कोड, जुनी झाली होती. लिहिणाऱ्यानं तिच्याकडे बघणंच सोडलं होतं. निकितानं हट्टानं तिच्या जागी नवी घातली होती.

"चालत होतं ना सगळं?" तिचा वरिष्ठ अमोल फोनवर म्हणाला. "मग हात कशाला लावायचा?"

"जुनीत चुका आहेत, सर. त्या कुणी दुरुस्त करत नाही."

"पण ती पडत नव्हती."

निकितानं फोन ठेवला.

कोल्ड स्टोरेज सांभाळणारे सोमनाथभाऊ शेजारीच उभे होते. समोरच्या खोलीत गावातल्या बागायतदारांच्या गटाची द्राक्षं होती, पहिल्यांदाच परदेशी जाणारी. गारवा जायला नको म्हणून माल भरल्यापासून तिचं दार कुणी उघडलं नव्हतं. कंटेनर उद्या यायचा होता.

"ताई, कूलिंग चालू-बंद करतो तो हाच सर्व्हर. हा असा झोपला तर सगळा माल जायचा."

"बघतेय, भाऊ."

तिनं सेटिंग तपासल्या. केबल काढून परत लावली. नवी लायब्ररी एकच रडगाणं गात होती: सेन्सरकडून आकडा मिळत नाही. जुनीला तर रोज मिळत होता. मग नवीचंच काहीतरी बिघडलं असणार. पण काय, ते सापडेना. डोकं बधिर झालं.

अमोलचा पुन्हा फोन आला. "जुनी परत टाक. आत्ताच्या आत्ता."

तिनं टाकली. स्क्रीनवर हिरवा आकडा उमटला. एक अंश. चहा आला, संपला, तरी सर्व्हर पडला नाही.

सोमनाथभाऊंचा चेहरा उजळला. "आता कसं! लय गुणाचं हाय हे जुनं. पंधरा दिसांत आकडा एकावरून हलला नाय. मशिनलाबी फार पळावं लागत नाय."

निकिता ओशाळून हसली. नव्याचं काय बिनसलं, हे अजूनही तिला उमगलं नव्हतं. "माझंच चुकलं, भाऊ. उगाच तुमचा दिवस घालवला."

"असू द्या हो. आल्याच आहात तर घरी द्राक्षं घेऊन जा. तसंबी उद्या उघडायचंच हाय."

त्यांनी जाड दाराचा दांडा ओढला.

आतून गरम हवेचा झोत अंगावर आला, आणि आंबलेल्या रसाचा वास.