सासूची पावलं

नाल्झे गुडघ्यावर बसला. वाळूत पाऊल उमटलं होतं. डावा पाय आत वळलेला, टाच खोल.

हे पाऊल त्याने हजारात ओळखलं असतं. चेहरा मात्र मुळीच नाही! अमेरिकेतल्या अपाचे जमातीत जावयाने सासूचं तोंड बघायचं नसतं, तिनेही त्याचं. एवढा मान असतो तो. लग्नापासून तो तिची पावलं बघायचा आणि वाट बदलायचा. ती मात्र भाजलेल्या घायपाताच्या गाभ्याचा सगळ्यात गोड तुकडा लेकीच्या हाती त्याच्यासाठी न चुकता पाठवायची.

तो गोऱ्यांच्या पलटणीचा वाटाड्या म्हणून दूर असताना त्याची वस्ती शिपायांना घाबरून डोंगरात पळाली होती. आता पलटण पळालेल्यांचाच माग काढत होती. आणि सासू जिथे, तिथे त्याची बायको.

"काय दाजी, सासूबाई दिसल्या की काय? तोंड केवढंसं झालंय!" त्याचा जोडीदार वाटाड्या एस्किन खिदळला. मग त्याने खाली पाहिलं. "पुसून टाक," तो कुजबुजला. "मी काही बघितलं नाही."

पुसलं असतं त्याने. पण पलीकडून दुसरी तुकडी येत होती, आणि ती आधी गोळी घालून मग विचारणाऱ्यांतली होती. नाल्झे सरळ कप्तानाकडे गेला. याच कप्तानाला त्याने गोळ्यांच्या पावसातून पाठीवर उचलून आणलं होतं.

"साहेब, खिंडीत बायका-पोरं आहेत. आधी मी हाक मारतो. गोळी नाही चालवायची."

कप्तानाने नाल्झेच्या छातीवरच्या शौर्यपदकाला बोट लावलं. "तुला खोटं सांगेन का मी? एकही गोळी सुटणार नाही."

नाल्झेने हाक मारली. त्याचा आवाज ओळखून बायको खडकाआडून धावतच सुटली, हसत, दोन्ही हात पसरून. कुणा एका शिपायाला ते हसू दिसलं नाही. बंदूक एकदाच वाजली.

ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

मग बाकीच्या बायका हात वर करून खाली उतरल्या. नाल्झे तिच्याशेजारी वाळूत बसला होता. सासू येतेय हे कळताच त्याने सवयीने तोंड झाकून घेतलं. आता ती वळसा घालून जाईल. जायलाच हवी.

पावलं थेट त्याच्यासमोर येऊन थांबली.

"हात काढ," आयुष्यात न ऐकलेला आवाज म्हणाला. "बघ माझ्याकडे. आता तू माझा कोण लागतोस?"

त्याने हात काढले. तिचे डोळे हुबेहूब लेकीसारखे होते, आणि ते त्याच्यावरून हटत नव्हते.